उलट्या दाराची मोटार

मोटारीला वाळवी लागते, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने. बायको चहा टाकायला उठून जाते. माझं हे व्याख्यान तिने इतक्यांदा ऐकलंय की चहा घेऊन ती बरोबर शेवटच्या वाक्याला येते.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी सुतार. अमरावतीला बडनेरा रोडवर माझा कारखाना होता, म्हणजे पत्र्याचं एक शेड. उमेदवारी ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेली आणि पुढचं सगळं आयुष्य जुन्या, ऐटबाज मोटारींच्या लाकडांत. हो, लाकडांतच. संस्थानिक, सावकार, कापसाचे बडे व्यापारी ज्या लांबलचक मोटारी बाळगायचे, त्या आजच्यासारख्या साच्यातून धडाधड बाहेर पडत नसत. कंपनी इंजिन आणि खालची चौकट द्यायची. वरची मोटार दुसरे कारागीर हाताने घडवायचे, गिऱ्हाईक म्हणेल तशी. आधी लाकडाचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून बसवलेला. बाहेरून मोटार, आतून पलंग. आणि पलंगाला वाळवी लागते हे सांगायला नको.

वाळवी तरी परवडली, ती दिसते. खरी डोकेदुखी हवेची. लाकूड पावसाळ्यात फुगतं, वैशाखात आकसतं. विलायतेत घडलेल्या या मोटारींना बिचाऱ्यांना अकोल्याचा मे महिना कोणी सांगितला होता? त्यामुळे आमच्याकडे दारं कधी अडकतात, कधी खुळखुळतात. मी दाराच्या फटीतून चारही बाजूंनी पोस्टकार्ड फिरवून बघायचो. अडकलं तर दार घट्ट, ढिलं पडलं तर दार सैल. आणि कुठल्याही दाराला रंधा लावण्याआधी मालकाला एकच विचारायचो, मोटार उभी कुठे असते? सावलीत, उन्हात, पत्र्याखाली, गोठ्याशेजारी? लाकडाला हात लावण्याआधी त्याचा पत्ता विचारावा, ही माझी पद्धत. लोकांना ती उगाच चौकशी वाटायची.

गिऱ्हाइकंही एकेक नग. अचलपूरच्या एका गृहस्थांच्या मोटारीत मागच्या सीटवर कोंबड्या उबवायला बसल्या होत्या. मी मोटार न्यायला गेलो तर म्हणाले, "पिल्लं निघू द्या, मंग न्या." मी पिल्लं निघेपर्यंत थांबलो. चांदूर बाजारच्या एका संत्रावाल्याला छताला ट्यूबलाइट हवी होती. मी नाही म्हटलं तर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि नंतर ती त्याने स्वतःच लावली. असे सगळे. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमचा एखादा कठीण प्रसंग लिहा" म्हटल्यावर मला एकच मोटार आठवली आणि त्या मोटारीचं एकच दार.

मोटार अकोल्याच्या गजाननभाऊंची. त्यांचा फुलांचा व्यापार आहे. जुन्या शहरात दुकान, शहराबाहेर झेंडू, शेवंती, निशिगंधाचा मळा. राजेशाहीशी त्यांच्या घराण्याचा संबंध एवढाच, की एका जिनिंगवाल्या शेठजींच्या लिमोझिनवर लग्नसराईत फुलं चढवायला गजाननभाऊंचे वडील जायचे. पुढे शेठजी गेले, जिनिंग बंद पडलं, आणि ती लिमोझिन सरकीच्या पोत्यांमागे सडत पडली. गजाननभाऊंनी ती भंगारातून उचलली आणि थेट माझ्या शेडमध्ये आणून टाकली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "माह्या बापानं हिच्यावर फुलं लावले अन् पायी घरी आला. माही पोरगी हिच्यात बसून सासरी गेली पायजे. मंग मोटार जळली तरी चालते."

मी ती मोटार हाडापासून उभी केली. सांगाडा परतवाड्याच्या सागवानाचा नवा घातला. दारांचं मूळ विलायती लाकूड मात्र शाबूत होतं, फिक्कट, दुधी रंगाचं. ते मी मोडलं नाही. तेवढी जुनी कारागिरी राहू द्यावी असं वाटलं.

या लिमोझिनच्या दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. एक, ड्रायव्हर आणि मागची मंडळी यांच्यामध्ये जाड काच असते, शेठजींचं बोलणं ड्रायव्हरने ऐकू नये म्हणून. दुसरी, मागची दारं उलटी. बिजागऱ्या मागच्या बाजूला, उघडतात पुढच्या बाजूने. बायकांना पदर सावरून ऐटीत उतरता यावं म्हणून तशी केलेली. दिसायला फार देखणी. पण तुम्हीच विचार करा, साधं दार चालत्या गाडीत सुटलं तर वारा ते मागे रेटून बंद करतो. उलटं दार सुटलं तर वारा पुढच्या फटीत शिरतो आणि दार हिसकून सताड उघडतो. त्याला टेकलेलं माणूस सरळ रस्त्यावर. म्हणून त्या दाराच्या खटक्याची जीभ खाचेत चांगली खोल गेली पाहिजे. मी ती तशी बसवून दिली होती आणि मोटार देताना गजाननभाऊंना बजावलं होतं, "हिला पाण्यापासून जपा." त्यांनी मान डोलावली होती. त्यांच्या मनात पावसाचं पाणी होतं, हे मला पुढे कळलं.

लग्न वैशाखातलं, मुहूर्त गोरज, स्थळ अमरावती. नवरी, म्हणजे गजाननभाऊंची ऋतुजा, तिच्या आजीसोबत लिमोझिनमधून अकोल्याहून निघणार. या आजीला, म्हणजे गजाननभाऊंच्या आईला, सगळं घर माय म्हणतं. गजाननभाऊ स्वतः फुलांची गाडी घेऊन आदल्या दिवशीच अमरावतीला पोचले होते. मला मोटार निघताना बघायची होती, म्हणून मी सकाळची एसटी धरली. ती मूर्तिजापूरच्या अलीकडे बंद पडली. दुसरी मिळून मळ्यावर पोचेतो मोटार निघून गेली होती. वऱ्हाडाच्या बसेस तर केव्हाच पुढे गेल्या होत्या. सगळ्या मळ्यात देविदास तेवढा होता, फर्निचरचं काम करणारा तिथला सुतार, मागचं आवरून मोटारसायकलने निघायच्या बेतात.

"आलेच आहात तर मोटारीचं घर तरी पाहून घ्या," तो म्हणाला.

घर म्हणजे गॅरेज. आत पाऊल टाकलं आणि थंडगार ओल अंगावर आली. समोर भलामोठा कूलर घरघरत होता, रिकाम्या जागेवर गार वारा सोडत. बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नसावं. फरशी ओली, भिंतींना ओल. आणि कोपऱ्यात झाडून ठेवलेला रंध्याच्या छिलक्यांचा ढीग. मी एक छिलका उचलला. सागवान नव्हता. फिक्कट, दुधी होता.

"देविदास, हे कोणी घासलं?"

"मीच," तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "मांगच्या महिन्यात डावं दार लागूनच नाई राहिलं होतं. भाऊ म्हणे, एवढ्यासाठी मिस्त्रीले अमरावतीहून कायले बोलावता, तूच घास. मस्त घासलं बाप्पा."

"आणि हा कूलर?"

"होळीपासून चालू हाये. भाऊ म्हणे, गारव्यात फुलं टिकते तं मोटार नाई टिकन का?"

फुलवाला माणूस. ज्याच्यावर जीव आहे ते ओलं ठेवायचं, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक. गोणपाट भिजवून फुलांवर टाकावं तितक्याच मायेने त्याने मोटारीला कूलर लावला होता. मला राग आला आणि त्या माणसाची कीवही आली.

"गाडी बाहेर कधी काढली?"

"झाला की आठवडा. इथल्याच मांडवात उभी होती, पावन्याईले पाहाले."

"आणि मांडवात दार कसं लागत होतं?"

"मख्खन! बोट लावलं का लागते."

दोन महिने ओल पिऊन लाकूड फुगलं. फुगलेलं दार अडकलं. देविदासने फुगवटा घासून काढला. मग तीच मोटार आठवडाभर वैशाखाच्या झळांमध्ये उभी राहिली. लाकूड सुकून आकसलं, वर घासलेलं गेलंच होतं. बोट लावलं की लागणारं दार बोट लावलं की उघडतंही. ती जीभ आता खाचेच्या काठावर टेकलेली असणार, आणि मोटार हायवेवर होती.

"डाव्या बाजूला कोण बसलं?"

"माय. तिले उजवीकडून ऊन लागते म्हणे."

रफीकभाईला, म्हणजे ड्रायव्हरला, फोन लावायची सोय नव्हती. गाडी चालवताना फोन डिकीत ठेवायचा, हा नियम मीच त्याला घालून दिला होता. ऋतुजाचा फोन बसमधल्या बहिणीकडे. गजाननभाऊंनी फोन उचलला तेव्हा मागे बँडवाले सराव करत होते.

"निघाली ना गाडी?" ते ओरडले. "फुलावानी जपली मिस्त्री, फुलावानी!"

मी ओरडून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग ते इतकंच म्हणाले, "माह्या मायले वाचवा." फोन तसाच चालू राहिला आणि बँडही.

मोटारसायकलवर मी देविदासच्या मागे बसलो. या वयात मी इतकं घट्ट कोणाला धरलं नव्हतं. उन्हासाठी दोघांच्याही तोंडाला दुपट्टे बांधलेले, डोळे तेवढे उघडे. मोर्णेच्या पुलावर गर्दीत अडकलो. तिथे मी देविदासला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. तो बिचारा "मले काय मालूम गा, मले काय मालूम" एवढंच म्हणत होता, आणि खरंच त्याला काय माहीत? त्याने पलंग, कपाटं, चौकटी केलेल्या. घराचं दार सैल झालं तर मांजर आत येतं, त्यापलीकडे काही होत नाही.

बोरगाव गेलं, काटेपूर्णेचा पूल गेला. रस्त्याकडेला चार माणसं जमलेली दिसली की मी डोळे मिटून घ्यायचो आणि देविदास सांगायचा, "टँकर हाये," "रसवंती हाये." रसवंतीची गर्दी बघून देवाचे आभार मानणारा मीच पहिला असेन.

मूर्तिजापूरच्या पुढे ती दिसली. काळी, लांब, टपावर झेंडूच्या माळा, आपल्याच तोऱ्यात चाललेली. काय सुंदर दिसत होती! जीव टांगणीला लागलेला असतानाही तो विचार मनात येऊन गेला. कारागीर मेला तरी सुधारायचा नाही.

आम्ही मागून हॉर्न वाजवला, हात हलवले. मोटारीने वेग वाढवला.

"अबे, हा पळून कावून राहिला?" देविदास ओरडला.

कारण मला ठाऊक होतं. असली मोटार रस्त्यावर आली की पोरं गाड्या बाजूला आणून मोबाईलवर शूटिंग करतात, हात हलवतात, थांबवून पत्र्याला हात लावतात. "कोणी कितीही हातवारे केले तरी थांबायचं नाही, मागे बघायचं नाही, पुढे निघून जायचं," हेही मीच रफीकभाईला शिकवलेलं. चांगला शिष्य होता. आम्ही जितके हात हलवू तितका तो गाडी हाणत होता, आणि तितका वारा त्या दाराला लागत होता.

आम्ही डाव्या अंगाने कडेला आलो. मी वाकून बघितलं. दाराच्या पुढच्या काठाशी फट होती, सहज बोट जाईल एवढी. रस्त्यात जोड आला की ती मोठी व्हायची, मग परत मिटायची. काचेला डोकं टेकून माय गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. आणि नवरी तिच्या मांडीवर आडवी पडली होती. शालूचा पदर मायच्या गुडघ्यांवर पसरलेला, चेहरा दिसत नव्हता. रडत असेल, मला वाटलं. सासरी निघालेली पोर आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडणारच. दोघींचं वजन त्या दाराकडे, एवढंच मला दिसत होतं.

मी दुपट्टा सोडून हाक मारणार होतो, पण गप्प झालो. माय जागी झाली आणि मला ओळखून काच खाली करायला गेली तर? तिथे दोन मुठी शेजारीशेजारी होत्या, एक काचेची, एक दाराची. दोन्ही पितळी, दोन्ही मी हौसेने सारख्या घडवलेल्या. झोपेतून उठलेली म्हातारी कुठली धरेल याचा काय भरवसा?

"मागं घे," मी देविदासच्या कानात म्हणालो. "आवाज नको. उजव्या बाजूनं रफीकपाशी ने."

एक कंटेनर आडवा आला. तो जाईपर्यंत आम्ही त्याच्या चाकांलगत धूळ खात राहिलो. मग देविदासने गाडी उजवीकडून पुढे काढली. त्या माणसाने दार बिघडवलं असेल, पण मोटारसायकल अशी चालवली की मी त्याला तिथेच माफ केलं. रफीकभाईच्या खिडकीशी आल्यावर मी दुपट्टा ओढून काढला. हात हलवला नाही. नुसता तळहात खाली दाबत राहिलो, हळू, हळू.

रफीकभाईने आधी रागाने बघितलं, मग नीट बघितलं, आणि त्याचा चेहराच बदलला. ब्रेक मारला नाही त्याने, हे त्याचं माझ्यावर कायमचं ऋण आहे. नुसता पाय काढून घेतला. मोटार मंदावत मंदावत एका कडुनिंबाखाली थांबली.

"मिस्त्री? तुम? मैंने सोचा फोटोवाले हैं!"

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. धावत डाव्या बाजूला गेलो, गुडघ्याने दार बाहेरून दाबून धरलं आणि काचेतून आत बघितलं.

ऋतुजा रडत नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला ओढायचा एक चामडी पट्टा असतो. तो तिने दोन्ही हातांनी मनगटांना वेढा घालून धरला होता. पाय समोरच्या बैठकीला रोवलेले, सगळं अंग मायच्या मांडीवरून ताणलेलं. घामाने मुंडावळ्या कपाळाला चिकटल्या होत्या. तिने मान वर केली, मला बघितलं, आणि दाराच्या फटीतून अगदी हळू, आजी जागी होऊ नये अशा आवाजात विचारलं,

"मिस्त्रीकाका, आता सोडू का?"

मी हो म्हटलं. तरी तिच्याने सुटेना. बोटं वळली होती. मी दुसऱ्या दारातून आत शिरलो आणि तिची बोटं एकेक करून उकलली. पट्टा रुतून मनगटावर लाल वळ उमटले होते, मेंदीवरून गेलेले.

"कधीपासून धरलंय?"

"काटेपूर्णेच्या पुलापासून. दाराच्या फटीतून पाणी दिसलं मले." ती धापा टाकत होती. "रफीककाकाले लय आवाज दिले. काचेतून जातच नाई. हात सोडून काच वाजवू तं दार उघडून राहिलं होतं."

"आजीला उठवायचं ना!"

"ती दचकून उठते, काका. दारावरच हात टाकला असता तिनं."

म्हणजे जो विचार मी मोटारसायकलवर केला तोच तिने आत केला होता, लग्नाच्या शालूत, एकटीने, हात न सोडता. रफीकभाई मागच्या उघड्या दारापाशी डोकं धरून उभा होता. "आवाज आया था," तो म्हणाला. "मैं समझा गाना गा रहे हैं."

या गलबल्यात माय जागी झाली. तिला सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतल्यावर तिने आधी नातीचे हात हातात घेऊन बघितले, किती तरी वेळ. मग गजाननभाऊंचा फोन आला होता तो माझ्याकडून घेतला.

"गज्या," ती म्हणाली, "माह्या खोलीत पंखा अन् मोटारीले कूलर?"

तिकडे गजाननभाऊ ढसाढसा रडत होते. ते मलाही ऐकू येत होतं.

देविदासने दोन्ही दुपट्टे पिळून त्यांचा दोर केला आणि दाराची मूठ आतून मधल्या काचेच्या चौकटीला करकचून बांधली. मी ओढून बघितलं, लाथ मारून बघितलं. हललं नाही. तरी मी म्हणालो, मागून कुठली तरी गाडी मागवू, दोघी तिच्यात बसा. मायने साफ नाही म्हटलं. तिचा नवरा हिच्यावर फुलं लावून पायी घरी यायचा, ती हिच्यातूनच उतरणार होती.

"मंग मीही हिच्यातच," ऋतुजा म्हणाली. "पण दाराजवळ तुमी बसा, काका."

माझ्या अंगावर घाम, धूळ, कंटेनरचा काळा धूर. बैठकीवर नवंकोरं मखमली कापड, जे मी स्वतः निवडलेलं. नवरीने सरकून जागा केली. मी बसलो. रफीकभाईने मधली काच यावेळी उघडीच ठेवली आणि मोटार निघाली. देविदास मोटारसायकलवर दाराच्या बाजूने, थोडं मागे राहून चालला होता.

बडनेऱ्याच्या अलीकडे ऋतुजाला झोप लागली. तिचे हात आजीच्या ओच्यात पडले होते, बोटं अजून अर्धवट मिटलेली. दार घट्ट बांधलेलं होतं, ते सुटणार नव्हतं, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. तरी मी पट्टा धरून होतो. तेव्हा मला रडू आलं, आणि डोळे पुसायलासुद्धा तो पट्टा सोडायची माझी हिंमत झाली नाही.